तबला सुरात लावून घेतो, मग किक का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की मराठीत नव्या गाण्यांची रीघ लागते. त्यातली बरीचशी गाणी आता घरच्या स्टुडिओत तयार होतात. एक संगणक, एक माइक, छोटा कीबोर्ड आणि विकत किंवा फुकट मिळालेली ढीगभर सॅम्पल्स (आधीच ध्वनिमुद्रित केलेले वाद्यांचे तयार आवाज), एवढ्यावर काम होते. चाली चांगल्या असतात, गळेही तयारीचे असतात. तरी यातल्या कित्येक गाण्यांत एक दोष हमखास ऐकू येतो. गायक एका पट्टीत, हार्मोनियम आणि बासरी त्याच पट्टीत, आणि खालची किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका), ढोलकी किंवा टॉम (घुमणारा मधला ड्रम) मात्र भलत्याच सुरात. ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. ‘गाणं बसत नाहीये’, ‘खाली गढूळ वाटतंय’ एवढेच तो म्हणतो. मग मिक्सिंग करणारा रात्र-रात्र ईक्यू (आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करणारे साधन) फिरवत बसतो. ईक्यूने हा दोष जात नाही, कारण मुळात सॅम्पल सुरात लावलेलेच नसते.

आपल्याकडे हे घडावे याचे जास्त वाईट वाटते. तालवाद्य गाणाऱ्याच्या सुरात लावल्याशिवाय आपली मैफल सुरूच होत नाही. गायिकेने ‘काळी चार’, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, सांगितली की तबलजी हातोडी हातात घेतो. फरक मोठा असेल तर आधी गठ्ठे सरकवतो. मग गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, ठोके देत सोळाही घरे एकेक करून जुळवतो. वरून ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो. प्रत्येक घरापाशी ‘ना’ वाजवून बघतो आणि तंबोऱ्याच्या षड्जात तो विरघळला की पुढच्या घराकडे जातो. सभागृह तेवढा वेळ थांबते आणि कोणी कुरकुर करत नाही. सॅम्पलला मात्र आपण ‘रेडिमेड’ समजून सोडून देतो. ते कोणत्या तरी दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच गाण्यासाठी, दुसऱ्याच पट्टीत तयार झालेले असते.

‘ड्रमला कुठे सूर असतो?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. त्याचे उत्तर अर्धे खरे, अर्धे खोटे आहे. साध्या गोल कातड्यातून निघणारे स्वर एकमेकांच्या सरळ पटीत नसतात. मूळ स्वर १ धरला तर पुढचे साधारण १.५९, २.१४, २.३० असे आडनिडे येतात. तबल्याची शाई नेमके हेच बदलते. मध्यभागी वजन दिल्यामुळे हे स्वर २, ३, ४, ५ अशा पटींच्या जवळ येतात आणि कानाला एकच ठाम सूर ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली हा गुण जगापुढे मांडला आणि १९३० च्या दशकात त्यावर सविस्तर लिहिले. पाश्चात्त्य ड्रमवर शाई नसते, म्हणून त्याचा सूर तबल्याइतका स्पष्ट नसतो. पण तो असतो. किकच्या शेपटीत, टॉमच्या घुमाऱ्यात आणि स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमच्या किणकिणीत तो चांगला ओळखू येतो. आणि इलेक्ट्रॉनिक किक तर बहुतेक वेळा शुद्ध साइन लाटच असते. रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या यंत्राची किक सुमारे ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० कंपने), म्हणजे आपल्या पांढरी पाचच्या आसपास वाजते. मूळ यंत्रावर किकचा सूर बदलायचे बटणच नव्हते. आजच्या बहुतेक ‘एट-ओ-एट’ (८०८) सॅम्पल्सचे कूळ तेच आहे. गाणे काळी एकमध्ये असेल आणि ही किक तशीच टाकली, तर षड्जाच्या खाली सतत तीव्र मध्यमाच्या आसपासचा स्वर घुमत राहतो. भक्तिगीताखाली तो कसा वाटेल हे कोणाही गाणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते लिहितो.

सगळ्यात आधी गाण्याचा खरा षड्ज ठरवावा. ‘की’, म्हणजे पट्टी, ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये. त्यांना मेजर आणि मायनर हे दोन पाश्चात्त्य साचे एवढेच ठाऊक असते. तंबोरा वाजत असेल तर ती पंचमालाच षड्ज ठरवून मोकळी होतात, आणि रागावर बांधलेल्या चालीत तर हमखास फसतात. पट्टी कानाने ठरवावी आणि हार्मोनियमवर ताडून पाहावी. खरी पेटी ध्वनिमुद्रित केली असेल तर ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावरच लावलेली असेल असे नाही, थोडी चढी किंवा उतरी असू शकते. ट्यूनरवर ती २० सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा, अर्ध्या सुराचा, शंभरावा भाग) चढी दिसली तर सगळी सॅम्पल्सही २० सेंट चढवावीत. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यावर नवा ठेका चढवताना तर हे फार महत्त्वाचे, कारण तिथे पट्टी दोन सुरांच्या मधेच कुठे तरी असते.

मग सॅम्पलचा सूर मोजायचा. इथे बहुतेक जण चुकतात. किकवर स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लावतात आणि शिखर दिसेल तो आकडा खरा मानतात. ५० हर्ट्झच्या आसपास एका सेमिटोनचा फरक जेमतेम ३ हर्ट्झ असतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे, या प्रत्येक मापालाही सॅम्पलच म्हणतात) ४०९६ मापांची एफएफटी (आवाजातले स्वर वेगळे करणारे गणित) घेतली तर तिच्या एका खणाची रुंदीच जवळपास ११ हर्ट्झ होते. म्हणजे तीन सेमिटोन एकाच खणात. १६,३८४ घेतली तर खण २.७ हर्ट्झचा होतो, पण तिला सुमारे ३७० मिलिसेकंदांचा आवाज लागतो आणि किक बहुधा त्याआधीच विझलेली असते.

त्यापेक्षा लाटा मोजाव्यात. एडिटरमध्ये किक मोठी करून बघा. सुरुवातीच्या लाटा दाटीवाटीने असतात, कारण किकचा सूर पहिल्या काही मिलिसेकंदांत वरून वेगाने खाली येतो. तो भाग सोडून द्या. पुढे लाटांची रुंदी सारखी झाली की तिथून पाच पूर्ण लाटा निवडा. शून्य रेषेवरून वर जाणाऱ्या एका बिंदूपासून तशाच सहाव्या बिंदूपर्यंत. निवडीची लांबी सॅम्पल्समध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या मापांत, वाचा. समजा ती ४,१०० आली. म्हणजे एक लाट ८२० सॅम्पल्सची. ४४,१०० ला ८२० ने भागले की ५३.८ हर्ट्झ येतात. गाणे काळी चारमध्ये असेल तर त्या सप्तकातला षड्ज ५१.९१ हर्ट्झवर आहे. फरक सुमारे ६१ सेंटचा. सॅम्पलरमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइन ट्यून उणे ६१ करा, काम झाले. सेंटचे गणित करायचे तर दोन आकड्यांच्या भागाकाराचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घेऊन त्याला ३,९८६ ने गुणावे. कोणत्याही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते.

आकडेमोड नको असेल तर कानाचा मार्ग आहे. खालच्या सप्तकात कानाला सूर नीट कळत नाही, म्हणून सॅम्पल तात्पुरते २४ सेमिटोन वर न्या, पिच आणि लांबी दोन्ही बदलू देऊन. किक आता टॉमसारखी वाजेल आणि तिचा सूर गुणगुणता येईल. पेटीवर तो शोधा, सॅम्पल जुळवा आणि पुन्हा २४ सेमिटोन खाली आणा. सप्तकांची नावे मात्र सॉफ्टवेअरगणिक बदलतात. एकाचा ‘सी-थ्री’ तो दुसऱ्याचा ‘सी-फोर’. म्हणून दुसऱ्याला सांगताना हर्ट्झमध्येच सांगावे.

लाटा मोजताना फाइलचा सॅम्पल रेट जरूर बघा. ४४,१०० ची फाइल रूपांतर न करता ४८,००० च्या प्रोजेक्टमध्ये वाजली तर ती सुमारे दीड सेमिटोन चढते, नेमके सांगायचे तर १४७ सेंट. ‘काल बरोबर होतं, आज सगळंच बेसूर’ अशा तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असते.

किक कोणत्या स्वरावर लावायची? सरसकट षड्जावर नाही. किकचा मूळ स्वर साधारण ४५ ते ६२ हर्ट्झच्या दरम्यान असला तर तिला वजन राहते आणि मंडपातल्या स्पीकरवर ती उठूनही येते. काळी तीन (४६.२५), पांढरी पाच (४९), काळी चार (५१.९१), पांढरी सहा (५५), काळी पाच (५८.२७) आणि पांढरी सात (६१.७४) या पट्ट्यांत षड्ज याच टप्प्यात पडतो, तेव्हा किक सरळ षड्जावर लावावी. पांढरी दोनमध्ये षड्ज ३६.७ वर जातो, जो बहुतेक स्पीकरना झेपत नाही. एक सप्तक वर ७३.४ वर घेतला तर किक खोक्यासारखी वाजते. अशा वेळी पंचम घ्यावा, ५५ हर्ट्झ. पांढरी एकला ४९, काळी एकला ५१.९१, काळी दोनला ५८.२७, हे सगळे पंचमच. पांढरी तीन आणि पांढरी चार या पट्ट्या अडचणीच्या आहेत. षड्ज ४१.२ आणि ४३.६५ वर, पंचम ६१.७४ आणि ६५.४ वर. पांढरी तीनला पंचम चालून जातो. पांढरी चारला मी षड्जच घेईन आणि थोडे सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारी प्रक्रिया) देऊन वरच्या पटी उठवीन.

पण पंचमाला एक मोठा अपवाद आहे आणि परदेशी शिकवण्यांत तो कुठेच सापडत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. चंद्रकंसात वर्ज्य आहे, मारव्यात वर्ज्य आहे. मालकंसावर बांधलेल्या चालीखाली पंचमावर लावलेली किक ठेवली तर मात्रेमात्रेला वर्ज्य स्वर लागतो. गायक जो स्वर चुकूनही घेणार नाही, तो आपण दर ठोक्याला खालून ठणकावत असतो. मालकंसात तंबोराही मध्यमावर लावतात. किकलाही तोच न्याय लावावा. पांढरी दोनच्या मालकंसाला मध्यम ४९ हर्ट्झवर मिळतो, काळी एकला ४६.२५ वर. दोन्ही उत्तम. मारव्यात मध्यम तीव्र, म्हणून तिथे षड्जावाचून गत्यंतर नाही, सप्तक अडचणीचे असले तरी. भूपात मध्यम-निषाद नाहीत, पण पंचम आहे, तिथे प्रश्न येत नाही.

गंधार, धैवत, निषाद यांवर काहीही लावू नये, हे माझे ठाम मत आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. गायक तंबोऱ्याकडे झुकतो, सॅम्पल कीबोर्डकडे. पंचमात हा फरक फक्त दोन सेंटचा आहे, मध्यमातही तेवढाच. षड्ज, मध्यम, पंचम या तिघांवरच तालवाद्ये लावावीत.

स्नेअरचा मूळ स्वर बहुधा १८० ते २२० हर्ट्झमध्ये सापडतो. काळी चारच्या गाण्यात २०७.६५ वर षड्ज तयारच आहे. पण स्नेअरमध्ये मूळ स्वरापेक्षा वरची किणकिण जास्त त्रास देते. वर सांगितलेला १.५९ चा गुणाकार आठवा. षड्जापासून तो अगदी कोमल धैवतावर पडतो. म्हणजे स्नेअर आणि टॉम षड्जात अचूक लावले तरी त्यांचा पहिला उपस्वर कोमल धैवताच्या आसपास वाजतो. यमन किंवा भूपाच्या चालीत, जिथे धैवत शुद्ध आहे, तिथे ही ठिणगी उडते. खऱ्या ड्रमला दोन कातडी असतात आणि मधली हवाही काम करते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून तो कानाने शोधावा. ईक्यूची एक अरुंद पट्टी घ्या, क्यू (पट्टीच्या अरुंदपणाचा आकडा) १२ च्या आसपास, ९ डेसिबल वर उचला आणि २०७ हर्ट्झच्या स्नेअरवर ३०० ते ३६० मध्ये हळूहळू फिरवा. एका जागी ती शिट्टीसारखी वाजेल. तिथेच तीच पट्टी ५ डेसिबल खाली करा. रीव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा कृत्रिम परिणाम) लावायच्या आधी हे करावे. एकदा किणकिण रीव्हर्बमध्ये शिरली की ती सेकंदभर लांबते आणि मग काढता येत नाही.

हाय-हॅट, टाळी, शेकर यांना सूर लावण्याच्या भानगडीत पडू नये. तो गोंगाट आहे आणि गोंगाटच राहावा. हलगी आणि ताशा यांचेही तसेच. हलगी शेकून ताणतात ती ठणठणीतपणासाठी, षड्जासाठी नाही. ट्यूनर बघून ती ओढाताण केली तर तिचा कडकपणा जातो आणि हाती काहीच लागत नाही. एखादी किणकिण फारच बोचली तर वरच्या पद्धतीने तेवढीच काढावी. ८०८ च्या काऊबेलकडे मात्र लक्ष द्यावे. तिच्यात सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजतात, पहिला पांढरी एक आणि काळी एकच्या मधोमध. तिला सूर नाही असे समजून लोक वाटेल तिथे टाकतात आणि ती प्रत्येक पट्टीत बेसूर लागते.

आता ढोलकी आणि तबल्याच्या लूपकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या ध्वनिमुद्रित ठेक्याकडे, येतो. मराठी गाण्यांत खरी गडबड इथेच होते.

सूर बदलण्याचे दोन प्रकार असतात. एकात टेप वेगाने फिरवल्यासारखे सूर आणि लांबी दोन्ही बदलतात. दुसऱ्यात लांबी तीच ठेवून फक्त सूर बदलतो. दुसरा सोयीचा वाटतो, पण तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो आणि त्यात ठोक्याची धार जाते. ‘धिन’ दुहेरी ऐकू येतो, ‘तिरकिट’ची चटणी होते. सुट्या सॅम्पलसाठी नेहमी पहिला प्रकार वापरावा. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलताना पिच जपण्याची खूण काढून टाकावी लागते. ऑडॅसिटीत ‘चेंज पिच’ नको, वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय हवा. चार सेमिटोन वर नेल्यावर सॅम्पल पाचवा हिस्सा आखूड होते आणि चार खाली आणल्यावर सव्वापट लांबते. लांबलेली शेपटी पुढच्या मात्रेवर चढू लागली तर डिके (आवाज विझायला लागणारा वेळ) कमी करावा.

किकमध्ये याने टोल्याची धारही बदलते. सूर उतरवला की टोला मंद होतो. त्यावर उपाय असा. सॅम्पलच्या दोन प्रती घ्याव्यात. एकीतले पहिले २५ मिलिसेकंद मूळ सुरातच ठेवावेत, दुसरीतला पुढचा भाग सुरात लावावा, आणि दोन्ही ५ ते १० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक विझत असताना दुसरा चढवून) जोडावेत. जोडणीच्या जागी दोन्ही लाटा एकाच दिशेने जात आहेत ना, ते डोळ्यांनी बघावे. उलट असतील तर तिथे खड्डा पडतो.

लूपच्या बाबतीत सूर आणि लय हातात हात घालून कसे चालतात हे समजले तर पुष्कळ कष्ट वाचतात. एक सेमिटोन चढवला की लय जवळपास सहा टक्के वाढते. ढोलकीचा केरवा काळी एकमध्ये, ९६ च्या लयीत ध्वनिमुद्रित झालेला आहे असे समजा. तुमचे गाणे काळी दोनमध्ये आणि १०८ च्या लयीत आहे. दोन सेमिटोन चढवल्यावर ९६ चे १०७.८ होतात. म्हणजे नुसती टेप वेगाने फिरवली की सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात, कुठलाही प्लगिन न लावता आणि धार न घालवता. लूप निवडतानाच हा हिशेब करावा. गाण्याची पट्टी वर आणि लय जलद असेल तर खालच्या पट्टीतला संथ लूप घ्या. उलट असेल तर उलट. सूर आणि लय विरुद्ध दिशांना जात असतील तर लय ताणण्यापेक्षा लूप बोलाबोलावर कापावा, प्रत्येक तुकडा सुरात आणून मात्रेवर ठेवावा आणि कडांना ५ मिलिसेकंदांचे फेड द्यावेत. वेळ जातो, पण ठेका जिवंत राहतो.

किती ओढावे याला मर्यादा आहे. तबल्याला वर-खाली दोन सेमिटोन, फार तर अडीच. त्यापुढे तो डबा वाजवल्यासारखा होतो, कारण लाकडाच्या पोटाचा आणि शाईचा स्वतःचा आवाजही सोबत सरकतो. खऱ्या तबल्याचा सूर चढवला तरी त्याचे खोड तेवढेच राहते. ढोलकी तीन सेमिटोनपर्यंत ऐकून घेते. किक चार-पाच सहन करते. मोजमाप करताना तबल्याचा ‘ना’ किंवा ‘तिं’ घ्यावा. ‘तूं’चा सूर वेगळा ऐकू येतो आणि ‘तिट’ला सूर नसतोच. पूर्ण लूपवर ट्यूनर लावून काटा कुठे थांबतो ते पाहणे निरुपयोगी आहे. डग्ग्याच्या मिंडेमागे काटा धावत राहतो. डग्गा वेगळ्या ट्रॅकवर मिळाला तर फारच चांगले. तबला सुरात न्यावा आणि डग्गा तसाच ठेवून त्याचा घुमारा कानाने बसवावा. दोन्ही एकत्रच असतील आणि सूर चढवावा लागला तर डग्गा पातळ होतो, तेव्हा ९० ते १२० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल परत द्यावेत.

बेस आणि किकचे नाते वेगळे सांगायला हवे. बेस ५१.९ वर आणि किक ५० वर असेल तर दोघांत सेकंदाला जवळपास दोन हेलकावे पडतात. एखादी किक दणकट लागते, एखादी विझल्यासारखी, आणि करणारा कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवळणारे साधन) वाढवत जातो. त्याने हेलकावा जात नाही. सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन वापरणार असाल तर आधी सूर, मग सॅच्युरेशन, हा क्रम मोडू नये. मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ वाजतच नाहीत, तिथे सॅच्युरेशनने उठलेले १०० आणि १५० ऐकू येतात. किक बेसूर असेल तर तिथला बेसूरपणा चांगला ठळक होतो.

आखूड किकसाठी एवढे सगळे करावे का? शंभर मिलिसेकंदांच्या किकमध्ये जेमतेम पाच लाटा असतात. तेवढ्यात कानाला सूर पुरता कळत नाही, म्हणून अर्ध्या सेमिटोनची चूक खपून जाते. शेपटी ३०० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की ती किक राहत नाही, तो बेसचा स्वर होतो. मग तिला गाण्याच्या स्वरांबरोबर हलवावेच लागते. आजच्या मराठी रॅपमध्ये लांब ८०८ एकाच स्वरावर अडकून राहते आणि वरची चाल मध्यमावर, पंचमावर जात असते. प्रत्येक स्वरासाठी सॅम्पलरमध्ये मूळ की अचूक नेमून ती कीबोर्डवर वाजवावी, आणि एका वेळी एकच स्वर वाजेल अशी सोय ठेवावी. नाहीतर दोन शेपट्या एकमेकींवर चढतात.

सगळे जुळल्यावरही एक चूक शेवटच्या क्षणी होते. गायक येतो आणि म्हणतो, ‘अर्धा सूर उतरवू या.’ मिडी ट्रॅक (ज्यांत आवाज नसतो, स्वरांचे फक्त क्रमांक असतात) ट्रान्सपोज होतात, म्हणजे दुसऱ्या पट्टीत जातात, सिंथ उतरतात, आणि ड्रम जुन्याच पट्टीत राहतात. कोणी घाईने ड्रमचा मिडी ट्रॅकही ट्रान्सपोज केला तर आणखी घोटाळा. जनरल मिडी या प्रमाण क्रमांकपद्धतीत ३६ वर किक, ३७ वर साइड स्टिक आणि ३८ वर स्नेअर असतो. एक सेमिटोन उतरवला की स्नेअरच्या जागी साइड स्टिकची टिचकी वाजते. ड्रमचा सूर नेहमी सॅम्पलरच्या ट्यूनमधूनच बदलावा. सुरात लावलेल्या सगळ्या सॅम्पल्सचे ट्यून एकाच नॉबला जोडून ठेवावे, म्हणजे अर्धा सूर उतरवायला एकच हालचाल पुरते. हॅट आणि टाळी त्या नॉबबाहेर ठेवाव्यात.

तपासायचे असेल तर सगळे बंद करून फक्त तंबोरा, किक, ढोलकी आणि गळा एवढेच ऐका. मग सगळे ड्रम एकत्र करून क्षणभर एक सप्तक वर नेऊन ऐका, खालचे लपलेले बेसूर लगेच उघडे पडते. आणि शेवटी, अगदी कमी आवाजात. मोठ्या आवाजात जोराच्या नादात चूक दडते.

या निमित्ताने मराठी वाद्यांची सॅम्पल्स तयार करून विकणाऱ्यांना आपल्या पत्राच्या माध्यमातून एक विनंती करायची आहे. फाइलच्या नावात ताल, लय आणि पट्टी तिन्ही लिहा. ‘लावणी ढोलकी ०७’ या नावाचा घेणाऱ्याला काही उपयोग नाही. ‘ढोलकी केरवा ९६ काळी एक’ असे असेल तर वरची अर्धी मेहनत वाचते. तबला आणि डग्गा वेगवेगळ्या ट्रॅकवर द्या. आणि प्रत्येक ठेका एकाच पट्टीत ध्वनिमुद्रित न करता तीन पट्ट्यांत करा. काळी एक, पांढरी चार आणि पांढरी सहा घेतल्या तर त्यांच्यात चार-चार सेमिटोनचे अंतर राहते. कोणतीही पट्टी मग दोन सेमिटोनपेक्षा लांब पडत नाही, आणि तबला तेवढे सहन करतो. वाद्य पुन्हा लावायला वादकाचा जो वेळ जाईल त्याचे पैसे जरूर किमतीत धरा. ते देणारे लोक आहेत.

कळावे,
आपला,
एक संगीत संयोजक, पुणे